संधिवाताची औषधं आणि ऊन: कोणत्या गोळीला किती जपायचं?

तिरीप

संधिवाताच्या औषधांच्या पाकिटात जी घडी घातलेली चिठ्ठी असते, तिच्यात 'उन्हापासून जपा' असं एक वाक्य असतं आणि तिथंच विषय संपतो. किती जपायचं, काचेआड बसलं तर चालतं का, गोळी रात्री घेतली तर फरक पडतो का, यातलं काहीच कळत नाही. परिणामी काही जण घराबाहेर पडणंच सोडतात, काही जण ते वाक्य विसरून जातात, आणि काही जण पुरळ उठली की गोळीच बंद करतात. हा तिसरा प्रकार सगळ्यांत महागात पडतो, कारण मेथोट्रेक्सेटसारखं औषध परस्पर थांबवलं की काही आठवड्यांत सांधे पुन्हा सुजायला लागतात.

जाणकारांनी औषधवार लिहावं. 'सनस्क्रीन लावा' एवढाच सल्ला कृपया नको.

खलबत्ता

औषधवारच घेऊ. सगळी औषधं एका पारड्यात तोलता येत नाहीत.

वेदनाशामकांत उन्हाशी खरं वैर तिघांचं: नॅप्रोक्सेन, पायरॉक्सिकॅम आणि कीटोप्रोफेन. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, सेलेकॉक्सिब यांच्याबाबतीतही तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत, पण प्रमाण बरंच कमी. पॅरासिटामॉलची काळजी नको.

आजार आटोक्यात ठेवणाऱ्या औषधांत मेथोट्रेक्सेट आणि सल्फासॅलाझिन यांच्याकडे लक्ष ठेवायचं. लेफ्लुनोमाइडचा त्रास क्वचित. ॲझाथायोप्रिन सांध्यांसाठी हल्ली कमी दिलं जातं, पण ते चालू असेल तर वेगळीच काळजी: त्याच्या विघटनातून तयार होणारा घटक पेशींच्या डीएनएमध्ये जाऊन बसतो आणि यूव्ही-ए किरण (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) शोषतो. तिथं प्रश्न आजच्या पुरळीचा कमी आणि पुढच्या काही वर्षांतल्या त्वचेच्या कर्करोगाचा जास्त. टोफॅसिटिनिबच्या गटातल्या गोळ्या आणि टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन रोखणारी इंजेक्शनं यांनी ऊन लगेच 'लागत' नाही, पण वर्षातून एकदा सगळी त्वचा तपासून घ्यायची ती याच कारणासाठी.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गंमत अशी की ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) ते उन्हाचा त्रास कमी करायलाच देतात. काहींना त्यानंही पुरळ येते, किंवा नडग्यांवर आणि चेहऱ्यावर निळसर-राखाडी डाग पडतात.

आता ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही ते. दोष सांध्याच्या गोळीला दिला जातो आणि खरी गुन्हेगार दुसरीच निघते. हायड्रोक्लोरोथायझाइड हे रक्तदाबाच्या कितीतरी जोडगोळ्यांत असतं. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली प्रतिजैविकं, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं ॲमिओडारोन, हेही त्याच यादीत. म्हणून डॉक्टरकडे जाताना फक्त सांध्यांची चिठ्ठी नेऊ नका, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. मलमं आणि जेलसुद्धा.

अर्धविराम

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. मग उन्हाची काळजीही त्या एका दिवशीच घ्यायची ना? उरलेले सहा दिवस मोकळे?

खलबत्ता

नाही. मेथोट्रेक्सेट रक्तातून लवकर कमी होतं, पण पेशींच्या आत साठून राहतं, म्हणून तर आठवड्यातून एकदा पुरतं. काळजी सातही दिवस.

पण वारावरून एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. या औषधाची एक खोड आहे: आधी उन्हानं भाजलेली जागा, बरी होत आलेली असली तरी, पुढचा डोस पडल्यावर पुन्हा लालबुंद होऊ शकते. त्या दिवशी उन्हात गेलेलं नसतानाही. त्यामुळे डोसच्या आधीच्या काही दिवसांत त्वचा चांगलीच भाजली असेल, तर ठरलेला डोस घ्यायचा की पुढे ढकलायचा हे आधी फोन करून विचारा. प्रवास किंवा दिवसभराचं बाहेरचं काम ठरलेलं असेल तर डोसचा वार बदलता येतो का, हेही आधीच विचारून ठेवता येतं. वार बदलताना होणारी घातक चूक म्हणजे एकाच आठवड्यात दोन डोस पडणं. मेथोट्रेक्सेटचा जास्तीचा डोस जिवावर बेततो, त्यामुळे हे गणित स्वतः मांडू नका, लिहून घ्या.

गोळी रात्री घेण्याबद्दल: पायरॉक्सिकॅमची रक्तातली पातळी निम्मी व्हायला सुमारे दोन दिवस लागतात, नॅप्रोक्सेनची व्हायला 12 ते 17 तास. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा हिशेब तर आठवड्यांत करायचा. रात्री घेऊन उपयोग शून्य.

ओसरी

त्वचेच्या बाजूनं लिहिते. उन्हाच्या त्रासाचे दोन प्रकार असतात आणि ते ओळखता आले तर निम्मं काम होतं.

पहिल्यात औषध त्वचेत असतं, त्यावर किरण पडतात आणि तिथल्या पेशी थेट भाजतात. काही मिनिटांपासून काही तासांत चुरचुर, आग, लाली. जेवढं अंग उघडं तेवढ्यावरच, कडा सरळ रेघेसारख्या. डोस आणि ऊन दोन्ही पुरेसं असेल तर हे कुणालाही होऊ शकतं, आणि दोन्हींपैकी एक कमी केलं की त्रासही कमी होतो.

दुसरी खरी ॲलर्जी. ही एक ते तीन दिवसांनी उठते, आग कमी आणि खाज जास्त, इसबासारखी खरखरीत किंवा पाणथळ पुरळ, आणि ती झाकलेल्या भागावरही पसरते. इथं थोडं औषध, थोडं ऊनही पुरतं. डोस कमी करून भागत नाही, ते औषध बदलावंच लागतं.

सावळ्या आणि काळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, हे चिठ्ठ्यांत लिहिलेलं नसतं. तिथं उन्हाची भाजणी कोमटपणा, ताण, हात लावल्यावर दुखणं आणि दोनेक दिवसांनी येणारा काळसर-जांभळट रंग यांवरून कळते. 'मी रापलो' म्हणून सोडून दिलेल्या कित्येक गोष्टी औषधाच्याच असतात. त्वचेतल्या रंगद्रव्यानं भाजणं कमी होतं, औषधाची ॲलर्जी थांबत नाही.

पुरळ उन्हाची आहे का हे आरशात पाहता येतं. हनुवटीखाली, कानांमागे, वरच्या पापण्यांवर, केसांच्या झुपक्याआड त्वचा स्वच्छ आहे का पाहा. घड्याळाच्या पट्ट्याखाली पाहा. सावलीतल्या जागा सुटल्या असतील तर संशय उन्हावर. पोट, पाठ, मांड्या सगळीकडे सारखीच पुरळ असेल तर ऊन सोडा आणि औषधाच्या साध्या ॲलर्जीचा विचार करा. सल्फासॅलाझिन सुरू केल्यापासून पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगभर पुरळ, ताप, सुजलेल्या गाठी किंवा चेहऱ्याला सूज आली, तर तो उन्हाचा विषयच नाही. गोळीचा पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

सोनकी

नॅप्रोक्सेनबद्दल एक भर. त्याचा त्रास बऱ्याचदा भाजल्यासारखा नसतोच. हातांच्या पाठीवर छोटे पाणीभरले फोड, जरा घासलं तरी साल निघणं, आणि मग बारीक खोलगट व्रण. आग नाही, खाज नाही, म्हणून 'कुठंतरी आपटलं असेल' असं वाटतं. लहान मुलांच्या संधिवातात, विशेषतः गोऱ्या मुलांत, हे जास्त दिसतं. खेळताना लागलं असेल म्हणून आईवडीलही सोडून देतात. मुलाच्या चेहऱ्यावर कारण नसताना असे व्रण दिसले तर नॅप्रोक्सेन आठवावं. औषध बंद केल्यावरही नवे फोड काही आठवडे, कधी काही महिने येत राहतात. तेवढ्यावरून 'औषधाचा संबंध नव्हता' असा निष्कर्ष काढू नये.

अर्धविराम

आणि दुखऱ्या गुडघ्याला चोळायची जेल? ती तर पोटात जात नाही.

खलबत्ता

तिथंच फसगत होते. कीटोप्रोफेनची जेल ही गोळीपेक्षा जास्त त्रासदायक आहे, कारण औषध थेट त्वचेत जिरतं आणि त्यावर ऊन पडतं. नियम कडक आहेत:

लावलेली जागा कपड्यानं झाकायची, ढगाळ दिवशीसुद्धा. जेल बंद केल्यानंतरही दोन आठवडे झाकायची. लावून झालं की हात साबणानं नीट धुवायचे, नाहीतर तेच बोट गालाला, मानेला लागतं आणि पुरळ भलत्या जागी उठते.

गुडघ्याचा किंवा मनगटाचा पट्टा ही छुपी जागा. जेलवर बांधलेल्या पट्ट्यात औषध मुरतं. जेल सोडून महिने झाले, पट्टा कपाटातून काढून परत बांधला, उन्हात गेलं की पुरळ हजर. कीटोप्रोफेनची ॲलर्जी झाली असेल तर जुना पट्टा टाकून द्या.

आणखी एक: ही ॲलर्जी असलेल्यांची त्वचा ऑक्टोक्रायलिन आणि ऑक्सिबेंझोन या सनस्क्रीनमधल्या घटकांवरही उठू शकते, कोलेस्टेरॉलसाठीच्या फेनोफायब्रेटवरही. म्हणजे उपाय म्हणून लावलेलं सनस्क्रीनच रोग वाढवतं. डायक्लोफेनॅकच्या जेलनं असा प्रकार कमी होतो, पण जागा झाकायची आणि हात धुवायची सवय तिथंही ठेवावी.

पायरॉक्सिकॅमचंही असंच वळण आहे. थायमेरोसाल नावाच्या, औषधं टिकवायला घालायच्या जुन्या परिरक्षकाची ॲलर्जी ज्यांना आधीपासून आहे, त्यांना पायरॉक्सिकॅम आयुष्यात पहिल्यांदा घेतल्यावरही काही दिवसांतच उन्हाची पुरळ येऊ शकते.

मुसळधार

एवढं कशाला, एसपीएफ 100 चं सनस्क्रीन सकाळी एकदा चोपडायचं आणि विसरून जायचं. मी तर सगळ्यांना हेच सांगतो.

ओसरी

@मुसळधार, सांगू नका. तीन चुका आहेत त्यात.

एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्ही-बी किरणांचा, म्हणजे अतिनील किरणांतल्या दुसऱ्या प्रकाराचा. 30 चं सनस्क्रीन त्यातले जवळपास 97 टक्के अडवतं, 50 चं 98 टक्के. म्हणजे वर चढून फारसं हाती लागत नाही. औषधांमुळे होणारा त्रास मात्र बहुतेक वेळा यूव्ही-ए मुळे होतो, आणि त्याबद्दल एसपीएफ काही सांगत नाही. ट्यूबवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हवं, किंवा 'PA' या अक्षरांपुढे तीन-चार अधिकची (+) चिन्हं हवीत. चार चिन्हांचा अर्थ यूव्ही-ए विरुद्धचा अंक 16 किंवा त्याहून जास्त.

दुसरं, प्रमाण. प्रयोगशाळेत एका चौरस सेंटिमीटरवर 2 मिलिग्रॅम लावून एसपीएफ मोजतात. घरी लोक त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी लावतात, मग 50 चा आकडा फक्त ट्यूबवर राहतो. चेहरा आणि मान मिळून एक चहाचा चमचा. प्रत्येक पूर्ण हाताला एक चमचा. सगळं अंग उघडं असेल तर मोठ्या माणसाला एका वेळी 30 ते 35 मिलि लागतं. 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ती पुरेशी लावली जात नाहीये, एवढं नक्की.

तिसरं, वेळ. बाहेर पडण्याआधी 15-20 मिनिटं, नंतर दर दोन तासांनी, आणि घाम पुसला किंवा हात धुतले की लगेच. कान, मानेची मागची बाजू, ओठ, पावलांचा वरचा भाग आणि टक्कल या कायम विसरल्या जाणाऱ्या जागा.

त्वचा चटकन बिघडणारी असेल तर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, बिनवासाचं. पांढरट थर दिसतो हे खरं. रंगछटा असलेल्या प्रकारांत आयर्न ऑक्साइड असतं, त्यानं पांढरेपणा जातो आणि दृश्य प्रकाशामुळे पडणारे काळे डागही कमी होतात. सावळ्या त्वचेसाठी माझी पहिली पसंती तीच.

मुसळधार

बरं, माघार. पण मग दर दोन तासांनी चोपडत बसणं जमणार आहे का? बोटं वाकत नाहीत त्यांना तर ट्यूबचं झाकणही उघडत नाही.

रानजाई

@मुसळधार, हा प्रश्न लाखमोलाचा. हातांच्या व्यवसायोपचाराच्या अंगानं लिहिते.

म्हणूनच आधी कापड, मग सावली, आणि उरलेल्या जागेला सनस्क्रीन. कापड दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही.

कापडात वीण बघायची. कपडा प्रकाशासमोर धरा. पलीकडचा उजेड ठिपक्यांतून आरपार दिसला तर किरणही येणार. पातळ पांढऱ्या सुती बनियनसारख्या कपड्याचं संरक्षण अगदी मामुली असतं आणि घामानं ओला झाला की आणखी घसरतं. गडद रंग, घट्ट वीण, अंगाला न ताणलेला, सैल. यूपीएफ 50 लिहिलेल्या कापडातून पन्नासातला एक भाग किरण आत येतात. जीन्सचं कापड तर भक्कमच, पण गरमीत आणि सुजलेल्या गुडघ्यांवर ते कोण घालणार!

संधिवाताच्या माणसाला हे कपडे घालता-काढता आले पाहिजेत. खांदा वर जात नसेल तर डोक्यातून घालायचा कपडा नको, पुढून उघडणारा घ्या. बारीक बटणांऐवजी वेल्क्रो किंवा चेन, चेनच्या टोकाला बोट जाईल एवढी कडी. हातांच्या पाठीसाठी बोटांची टोकं उघडी असलेले पातळ हातमोजे. सनस्क्रीन सगळ्यांत आधी तिथूनच धुऊन जातं. मोजे मनगटाला आवळणारे नकोत.

टोपीला चहूबाजूंनी निदान साडेसात सेंटिमीटरची कड हवी. पुढेच चोच असलेल्या टोपीनं कान आणि मान उघडी राहते. हनुवटीखाली अडकवायचा चिमटीनं दाबायचा खटका असतो, तो सुजलेल्या अंगठ्याला जमत नाही. त्याऐवजी रुंद इलॅस्टिक.

छत्री चांगली, पण दांडा घट्ट धरून ठेवल्यानं अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटावर ताण येतो. दांड्यावर फोमची नळी चढवून जाडी वाढवली की पकड सैल ठेवता येते. काठी किंवा वॉकर वापरणाऱ्यांनी छत्रीचा हट्ट सोडावा. तोल जाऊन पडण्यापेक्षा टोपी आणि पूर्ण बाह्या बऱ्या.

सनस्क्रीनसाठी पंपाची बाटली, तळहाताच्या टाचेनं दाबता येते. ट्यूबच घेतली असेल तर फिरकीच्या झाकणाला रबरी पकड लावा, किंवा घरातल्या कुणाकडून आठवड्याचं सनस्क्रीन पंपाच्या स्वच्छ बाटलीत काढून घ्या, बाटलीवर मूळ ट्यूबची मुदत लिहून. पाठीला आणि पोटऱ्यांना लांब दांड्याचा स्पंज. कांडीच्या रूपातलं सनस्क्रीन पकडायला सोपं, पण एकच फेरी मारून भागत नाही. एकाच जागी तीन-चार वेळा फिरवून मग बोटांच्या पाठीनं पसरा. फवारा दिसायला सोयीचा, पण खटका कडक असतो आणि निम्मं वाऱ्यावर जातं. चेहऱ्यावर थेट मारायचा नाही.

सोनकी

मुख्य अडचण सकाळची आहे. संधिवातात उठल्यावर तास-दोन तास सांधे आखडलेले असतात. 'कोवळ्या उन्हात फिरा' म्हणणं सोपं, पण माणूस मोकळा होईपर्यंत ऊन वर आलेलं असतं. शिवाय उबेनं सांधे सैल होतात म्हणून माणसं मुद्दाम उन्हात बसतात.

रानजाई

ऊब आणि किरण वेगळे करता येतात. गरम पाण्यानं आंघोळ, कोमट पाण्यात हात 10-15 मिनिटं बुडवून त्यातच बोटांची उघडझाप, किंवा टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. जेल चोळलेल्या जागेवर मात्र शेक नाही, औषध जास्त शोषलं जातं आणि त्वचा भाजते. फिरणं संध्याकाळवर ढकला. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब पडायला लागली की ऊन उतरलं असं धरायला हरकत नाही. फोनवरच्या हवामानात यूव्ही निर्देशांक दिसतो. 3 पासून पुढे झाकायचं, 8 च्या पुढे शक्यतो बाहेर पडायचं नाही.

अर्धविराम

मग खिडकीच्या काचेआड बसून ऊब घेतली तर? काचेनं किरण अडतात ना?

ओसरी

साध्या काचेनं यूव्ही-बी अडतात, यूव्ही-ए बरेचसे आत येतात. आणि आपलं भांडण यूव्ही-ए शीच आहे. म्हणून काचेआड त्वचा नेहमीसारखी भाजत नाही, माणूस निर्धास्त होतो आणि पुरळ मात्र उठते. मोटारीची पुढची काच थरांची असल्यानं यूव्ही-ए चांगलं अडवते, बाजूच्या काचांचा भरवसा नाही. चेहऱ्याच्या आणि हाताच्या एकाच बाजूला त्रास असेल तर आपण गाडीत कुठल्या खिडकीशी बसतो ते आठवा.

ढगांचंही तसंच, पातळ ढगांतून बरेच किरण खाली येतात. वाळू, फेसाळ पाणी आणि सर्वांत जास्त बर्फ खालून किरण परतवतात, तिथं छत्रीखालीही सनस्क्रीन लागतं.

तिरीप

आणि एवढं करूनही भाजलंच तर?

ओसरी

लगेच सावलीत. गार पाण्यात बुडवून पिळलेलं कापड 10-15 मिनिटं, दिवसातून काही वेळा. बर्फ थेट नको. नंतर साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. फोड फोडायचे नाहीत. बधिर करणारी किंवा खाजेवरची दुकानातून आणलेली मलमं टाळा, त्यांचीच नवी ॲलर्जी होते. आग होते म्हणून नेहमीच्या वेदनाशामकावर दुसरं वेदनाशामक चढवू नका, पोटाला आणि मूत्रपिंडाला महाग पडतं. स्टिरॉइडचं मलम डॉक्टरनं दिलं तरच, दिलेल्या दिवसांपुरतं. जे आधीच प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेतात त्यांची त्वचा पातळ झालेली असते, जखमा सावकाश भरतात, त्यांनी घासणं-चोळणं अजिबात नको.

फोटो काढा: पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, दिवसाच्या उजेडात. सोबत तारीख, किती वाजता किती वेळ ऊन, आणि त्या आठवड्यातली प्रत्येक गोळी-जेल. डॉक्टरकडे जाईपर्यंत पुरळ बहुधा उतरलेली असते, मग हाच पुरावा.

थांबायचं नाही अशा गोष्टी: मोठे फोड, ताप, डोळे-ओठ सुजणं, श्वासाला त्रास. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी तोंडात व्रण, त्वचेला जखमा, घसादुखी-ताप किंवा अंगावर निळे डाग असं दिसलं तर ते ऊन समजू नये. औषध अंगात साठल्याची किंवा रक्तपेशी घसरल्याची ती खूण असते, त्याच दिवशी रक्त तपासावं लागतं.

संशय एका औषधावर टिकत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ फोटोपॅच चाचणी करतात: पाठीवर संशयित घटकांचे दोन सारखे संच लावतात, एकावर मोजून यूव्ही-ए देतात, दुसरा झाकून ठेवतात आणि दोन्हींची तुलना करतात. तोंडानं स्टिरॉइड चालू असेल तर आधी सांगा, निकाल खोटा येऊ शकतो.

मुसळधार

एवढं झाकून घेतलं तर ड जीवनसत्त्वाचं काय? संधिवातात हाडं आधीच ठिसूळ.

खलबत्ता

रास्त शंका. विशेषतः स्टिरॉइड घेणाऱ्यांची. पण त्यासाठी उन्हात उभं राहणं हा औषध चालू असताना चुकीचा मार्ग. 25-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्वाची रक्तचाचणी करा आणि कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तेवढी पूरक मात्रा घ्या. ते चरबीत साठतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा घ्यायची पुडी रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून बसतं.

आणि डोळ्यांचंही इथंच सांगतो, कारण हमखास गल्लत होते. गॉगल लावल्यानं हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा दृष्टिपटलावरचा परिणाम टळत नाही. तो डोस आणि वर्षांवर अवलंबून आहे: रोजचा डोस वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत, सुरुवातीच्या वर्षात एक डोळेतपासणी, पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल तर आधीपासूनच. गॉगल जरूर लावा, तपासणीच्या बदली नाही.

सोनकी

सोरायसिसच्या संधिवाताचं राहिलं. त्यांना ऊन चांगलं, असं सर्रास सांगतात.

ओसरी

थोड्या उन्हानं चट्टे कमी होतात, भाजल्यानं वाढतात. भाजलेल्या जागी नवा चट्टाच उठतो. त्यात मेथोट्रेक्सेट चालू असेल तर 'थोडं' म्हणजे किती हे अंदाजानं ठरवू नये. दवाखान्यात मोजून प्रकाशोपचार घ्यायचे असतील तर तिथं मेथोट्रेक्सेटचा वार आणि बाकीच्या सगळ्या गोळ्या पहिल्याच भेटीत सांगा, आणि नंतर एखादी नवी गोळी सुरू झाली तर पुढच्या सत्राआधी पुन्हा सांगा.